दोन कसबांचा माणूस

आयटीआयत फिटर ट्रेडला प्रवेश घेतलेल्या पोराच्या हातात सुरुवातीच्या आठवड्यांतच कानस येते आणि समोरच्या व्हाइसमध्ये लोखंडी पट्टी असते. काम एका ओळीचं असतं: हा पृष्ठभाग सपाट कर. तासाभराने पट्टीवर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावून ती उजेडाकडे धरली, की गुण्या मधोमध टेकलेला दिसतो आणि दोन्ही कडांखालून उजेड येतो. पट्टी सपाट व्हायच्या ऐवजी तिला गोलाई आलेली असते. वीसजणांच्या तुकडीत बहुतेकांचं असंच होतं, आणि दरवर्षी होतं. निदेशक, म्हणजे वर्कशॉपमध्ये शिकवणारा शिक्षक, कसा आहे हे नेमकं इथे कळतं. एक निदेशक म्हणतो, "अजून घास." दुसरा पोराच्या शेजारी येऊन उभा राहतो आणि पट्टीकडे न बघता त्याचे हात बघतो.

कारण दोष हातात असतो. कानस पुढे जायला लागते तेव्हा तिचं टोकच जॉबवर, म्हणजे घडवायच्या तुकड्यावर, असतं आणि बाकीची लांबी मुठीकडे लोंबत असते. म्हणून सुरुवातीला पुढच्या हाताचा दाब जास्त लागतो. मध्यावर दोन्ही हात सारखे. फेरी संपताना मूठ जॉबजवळ आलेली असते, तेव्हा पुढचा हात हलका करून मुठीच्या हातावर जोर द्यायचा. नवखा पोरगा दोन्ही हातांनी सारखाच रेटत राहतो. त्यामुळे सुरुवातीला मूठ खाली बसते आणि अलीकडची कड खाल्ली जाते, शेवटी टोक खाली जातं आणि पलीकडची कड खाल्ली जाते. मधला भाग तसाच उंच. अशा हातांनी तास तास घासत राहिलं तर पट्टी पातळ होईल, सपाट होणार नाही.

ज्याला हे माहीत आहे तो निदेशक आधी व्हाइसची उंची बघतो. मूठ हनुवटीखाली धरली की कोपर व्हाइसच्या जबड्याला टेकलं पाहिजे. व्हाइस उंच असेल तर पायाखाली लाकडी फळी द्यायची. बुटक्या मुलामुलींना हे कोणी सांगत नाही, आणि मग वर्षभर त्यांचे खांदे दुखतात आणि जॉब वाकडे येतात. त्यानंतर तो पाय बघतो: डावा पुढे, अंगाचा भार फेरीबरोबर पुढे सरकतो आहे का. मग वेग बघतो, कारण मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्यांच्या वर गेलं की दाब बदलायला सवडच मिळत नाही. मागे येताना कानस दाबून ओढतोय का हेही, कारण दात पुढच्या दिशेनेच कापतात, आणि मागे रेटल्यावर नुसते बोथट होतात. इतकं झाल्यावर तो जॉबवर मार्कर फिरवतो, पोराला पाचच फेऱ्या मारायला लावतो आणि विचारतो, "रंग कुठे गेला?" रंग कडांवरून गेलेला असतो. पोराला आपला दोष स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. त्यापुढे त्याला "अजून घास" म्हणावं लागत नाही.

निदेशकाची व्यावसायिकता म्हणजे काय, यावर बोलायचं तर माझ्या मते बोलणं इथून सुरू व्हावं. पट्टी सपाट करता येणं हे एक कसब आहे. दुसऱ्याची पट्टी सपाट का होत नाही हे ओळखता येणं, आणि ते त्याला त्याचं त्याला दिसेल असं करता येणं, हे वेगळंच कसब आहे. पहिलं आलं म्हणून दुसरं येत नाही. कारखान्यात पंधरा वर्षं लेथवर उत्तम काम केलेला टर्नर वर्गात उभा राहिला की बरेचदा अडतो, कारण त्याच्या हाताला जे कळतं ते त्याने कधी शब्दांत मांडलेलं नसतं. उलटही घडतं: बोलायला फर्डा, फळ्यावर सुरेख आकृत्या काढणारा, पण गेल्या दहा वर्षांत स्वतः एकही जॉब मशीनवर न लावलेला. पोरं दोघांनाही "सर"च म्हणतात. दोघांचीही अर्धी बाजू लंगडी असते.

आपल्याकडे ही गोष्ट व्यवस्थेला ठाऊक नाही असं नाही. देशातली कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची, शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. पुढच्याच वर्षी एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डीचा पट्टा कारखान्यांनी भरत गेला. त्या कारखान्यांना लागणारे हात औंधच्या आणि मोरवाडीच्या आयटीआयसारख्या संस्थांनी घडवले. ते हात घडवणाऱ्यांना घडवण्यासाठी वर्षभराचा वेगळा अभ्यासक्रम आहे, क्राफ्ट इन्स्ट्रक्टर ट्रेनिंग स्कीम, म्हणजे सीआयटीएस. त्यासाठी पुण्याचे बरेच जण मुंबईला चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत जातात. तिथे ट्रेडबरोबर ट्रेनिंग मेथडॉलॉजी हा विषय असतो आणि धड्याचे चार टप्पे घोटून घेतले जातात: पूर्वतयारी, मांडणी, उपयोजन, चाचणी. परीक्षेपुरते ते सगळ्यांना पाठ असतात. रोजच्या वर्कशॉपमध्ये मात्र यातले पहिला आणि शेवटचा टप्पा सगळ्यात आधी गळतात, कारण त्यांना वेळ लागतो आणि ते कोणाला दिसत नाहीत.

पूर्वतयारीचंच घ्या. उद्या दहा वाजता एम-१० च्या आट्यांचं प्रात्यक्षिक आहे. म्हणजे आज संध्याकाळी साडेआठचं ड्रिल जागेवर आहे का, त्याला धार आहे का, भोकात आटे पाडणाऱ्या टॅपच्या संचातले पहिला, दुसरा आणि शेवटचा असे तिन्ही टॅप आहेत का, टॅप-रेंच त्या चौकोनी टोकावर नीट बसतो का, कटिंग ऑइल आहे का, हे बघून ठेवायला हवं. दहा मिलिमीटरच्या बोल्टला दीड मिलिमीटरचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, म्हणून भोक साडेआठचं. आदल्या दिवशी हे बघितलं नाही तर दहाला साडेआठचं ड्रिल सापडत नाही, कोणीतरी आठचं आणून देतो, "चालतंय" म्हणून काम पुढे जातं, टॅपला जास्त धातू कापावा लागतो आणि तो आत तुटतो. मग सगळी तुकडी तुटलेला टॅप काढायची खटपट बघत उभी राहते आणि त्या दिवशीचा धडा तिथेच संपतो. निदेशकाच्या डायरीत मात्र "टॅपिंग, प्रात्यक्षिक" असंच लिहिलं जातं.

टॅप तुटला की पहिला प्रश्न काय विचारायचा, यातही दोन जातींचे निदेशक दिसतात. "कोणी तोडला?" विचारणारा आणि "भोक कितीचं पाडलं होतं?" विचारणारा. टॅप तुटण्याची कारणं मोजकी असतात. भोक लहान, किंवा टॅप जॉबशी काटकोनात न लावता तिरपा चालू केलेला, किंवा अर्धा फेरा पुढे गेल्यावर पाव फेरा मागे घेऊन कीस तोडायचा असतो, तो न तोडता तसाच रेटत नेलेला, किंवा बंद भोकात टॅप तळाला टेकल्याचं हाताला न कळलेलं. तुटलेल्या टॅपसमोर पोरांना उभं करून यातलं कोणतं कारण ते त्यांच्याकडून शोधून घेतलं, तर त्या दिवशीचा तोटा भरून निघतो. तुटलेला टॅप लपवायची पाळी पोरावर आणली, तर तो पुढे कारखान्यातही लपवेल, आणि तिथे तो जॉबच्या आत लपलेला असेल.

प्रात्यक्षिकाची मांडणी हा वर्षानुवर्षं उपेक्षिलेला भाग आहे. वीस पोरं एका व्हाइसभोवती गोळा झाली की पुढची सहा-सात बघतात, बाकीची पाठी बघतात. म्हणून तुकडीचे तीन गट करायचे आणि तेच प्रात्यक्षिक तीनदा करायचं. कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. निदेशक टेबलाच्या पलीकडून समोरासमोर उभा राहिला तर पोरांना सगळं उलटं दिसतं, उजवा हात डावीकडे. त्याने पोरांच्या बाजूला, त्यांच्याच दिशेला तोंड करून उभं राहायचं. पहिल्यांदा काम नेहमीच्या वेगाने करायचं, एक शब्द न बोलता, म्हणजे पोरांना पुरं काम कसं दिसतं ते कळतं. दुसऱ्यांदा सावकाश, प्रत्येक पायरीला थांबून, इथे असं का हे सांगत. तिसऱ्यांदा पोरांनी सांगायचं आणि निदेशकाने तसंच्या तसं करायचं, पोरांनी चूक सांगितली तर थांबायचं आणि वाट बघायची. चौथ्यांदा पोरगा करतो आणि करताना बोलतो. या तिसऱ्या पायरीत जे उघडं पडतं ते दुसऱ्या कशात पडत नाही. "समजलं का?" या प्रश्नाला वर्ग एका सुरात "हो सर" म्हणतो, "आता मी काय करू?" या प्रश्नाला तसं म्हणता येत नाही.

भाषेबद्दलही थोडं. पुण्याच्या आयटीआयत जुन्नर, मुळशी, इंदापूरपासून थेट बीड-लातूरपर्यंतची पोरं असतात, बहुतेक मराठी माध्यमातली. त्यांना गुण्या माहीत असतो, पण ट्राय स्क्वेअर म्हटलं की बिचकतात. चाकणच्या कारखान्यात ड्रॉइंग इंग्रजीत, सुपरवायझर कदाचित तमिळ किंवा हिंदी बोलणारा, आणि मशीनच्या स्क्रीनवर इंग्रजी. चांगला निदेशक दोन्ही शब्द पहिल्या दिवसापासून एका दमात वापरतो, समजावणं मात्र मराठीतच करतो. नुसतं इंग्रजी बोलून वर्ग शांत बसतो खरा, पण त्या शांततेतून निदेशकाला काहीच कळत नाही.

आता मोजमापाकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याबद्दल. ड्रॉइंगवर लिहिलंय ५० मिलिमीटर, अधिक-उणे ०.०४. पोराच्या जॉबचं माप येतं ५०.०९. दिसायला जॉब छान झालाय, पोरगा मेहनती आहे, घरची परिस्थिती बेताची आहे. निदेशक जॉब कार्डावर बरोबरची खूण करतो. यात वाईट हेतू कुठेच नाही. पण ५०.०४ च्या वरचा जॉब कारखान्यात रिजेक्शनच्या ट्रेमध्ये जातो, आणि माप मर्यादेत आहे की नाही एवढंच सांगणाऱ्या गो-नो-गो गेजला घरची परिस्थिती कळत नाही. दोन वर्षं अशा खुणा मिळालेला पोरगा शिकाऊ उमेदवार म्हणून भोसरीच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये जातो, तिथे पहिल्याच आठवड्यात त्याचे दहा जॉब परत येतात, आणि त्याला वाटतं की आपल्याला काहीच येत नाही. खरं तर त्याला बरंच येत असतं. आपण कुठे कमी आहोत हे त्याला कोणी खरं सांगितलेलं नसतं, एवढंच.

यावर उपाय अवघड नाही, पण तो रोज करावा लागतो. जॉब कार्डावर खूण करायची नाही, माप लिहायचं. आधी पोराने स्वतः मोजून स्वतःचं माप लिहायचं. मग निदेशकाने त्याच व्हर्निअरने मोजून आपलं माप शेजारी लिहायचं. दोन्हींत फरक आला तर तो फरक हाच पुढचा धडा. पोराने जबडे बंद करून शून्य जुळतंय का ते बघितलं नव्हतं का? कडेचा बर, म्हणजे कडेला उरलेला धातूचा कंगोरा, न काढता मोजलं का, म्हणून माप मोठं आलं? जबडे जोरात दाबले का? व्हर्निअर तिरका धरला का? व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ चा आहे, तर ५०.०९ असं वाचणं शक्य तरी आहे का, की माप ५०.०८ किंवा ५०.१० असायला हवं? हा शेवटचा प्रश्न विचारला की अंदाजाने आकडे लिहिणारा लगेच सापडतो, मग तो पोरगा असो नाहीतर निदेशक. वर मी ५०.०९ हा आकडा तसाच ठेवला तो म्हणूनच; कित्येक जॉब कार्डांवर असे आकडे असतात आणि कोणी थांबत नाही.

असं केल्यावर गुण कमी पडतील ही भीती खरी आहे. तुकडीचा निकाल, संस्थेची प्रतवारी, प्राचार्यांचा प्रश्न, सगळं निदेशकाच्या डोक्यावर असतं. ऑल इंडिया ट्रेड टेस्ट या अंतिम परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, म्हणून शेवटच्या महिन्यात हजेरीपटावर दया दाखवायचा मोहही होतो. यावर माझं मत सरळ आहे. कमी आलेलं माप आज लिहिलं तर पोराला पुन्हा जॉब करायला वेळ आहे. तेच माप वर्षाच्या शेवटी लिहिलं तर त्याला फक्त शिक्षा होते. म्हणून खरं मोजायचं ते पहिल्या जॉबपासून, आणि पुन्हा करायला साहित्य ठेवायचं. त्यासाठी पट्ट्या जास्तीच्या लागतात. कच्च्या मालाच्या मागणीत प्रत्येक पोरामागे एकच तुकडा लिहिला, तर प्रामाणिक मोजमाप पहिल्या दिवशीच बाद होतं, कारण चुकलेल्या पोराला दुसरा तुकडा देताच येत नाही. मागणीपत्र भरताना पोरामागे दीड तुकडा लिहिणं ही कारकुनी गोष्ट वाटते, पण निदेशकाचा प्रामाणिकपणा बराचसा तिथेच ठरतो.

खंडेनवमीला प्रत्येक आयटीआयत हत्यारांची पूजा होते. लेथ पुसून तेल लावलेला असतो, स्लाइड चकाकतात, झेंडूच्या माळा चढतात, कानशी रांगेत मांडलेल्या असतात. तो दिवस मला आवडतो. पण त्याच दिवशी जरा वाकून बघावं: किती कानशींना मूठ आहे? बिनमुठीच्या कानशीचं मागचं टोक तळहातात घुसतं, ते टाके घालावे लागण्याइतकं. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून फुलासारखं पसरलंय का? ते ग्राइंडरवर सरळ केलं नाही तर त्याचा तुकडा उडून डोळ्यात जातो. बेंच ग्राइंडरच्या चाकात आणि टूल-रेस्टमध्ये फट किती आहे? ती तीन मिलिमीटरच्या वर गेली की जॉब आत ओढला जाऊन चाक फुटू शकतं. चाक झिजतं तसा रेस्ट पुढे सरकवावा लागतो आणि हे काम कोणाच्याच नावावर नसतं, म्हणून ते निदेशकाचं असतं. ड्रिलिंग मशीनवर हातमोजे घालू नका असं भिंतीवर लिहिलेलं असतं, पण निदेशक स्वतः जॉब व्हाइसमध्ये न बांधता हातात धरून भोक पाडत असेल तर पोरं भिंत वाचत नाहीत, हात बघतात. ड्रिल पलीकडे बाहेर पडतं त्या क्षणी जॉब हिसका देतो. तो क्षण एकदा दाखवून, तिथे फीड, म्हणजे ड्रिल पुढे दाबणं, हलका करायचा असतो हे सांगितलं की नियमाचं कारण पोरांना कळतं.

पुण्याच्या निदेशकापुढे गेल्या काही वर्षांत एक वेगळा प्रश्न उभा राहिला आहे, तो त्याच्या पहिल्या कसबाचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे वाहनांच्या धुराचं मानक लागू झालं आणि नव्या स्कूटर-मोटारसायकलींमधून कार्ब्युरेटर जवळपास गेलाच. दुचाकींच्या या शहरात मेकॅनिक ट्रेडच्या पोराने आता फ्युएल पंपाचा दाब मोजायला हवा, ऑक्सिजन सेन्सर ओळखायला हवा, इग्निशन चालू असताना ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीचा, कनेक्टर ओढायचा नाही हे त्याच्या अंगवळणी पडायला हवं. ज्याने आयुष्यभर कार्ब्युरेटरचे जेट साफ केले त्या निदेशकाला हे पुस्तकातून शिकवता येतं, पण चुकलेलं ओळखता येत नाही, कारण त्याने ते चुकलेलं कधी पाहिलेलं नसतं. सीएनसीचंही, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनचंही, तसंच. प्रोग्राम लिहायला शिकवणं सोपं. पण टूल ऑफसेटमध्ये, म्हणजे टूलच्या लांबी-जागेच्या नोंदीत, उणेच्या जागी अधिक पडलं की टूल जॉबवर आदळतो, हे ज्याने पाहिलं आहे तो नवा प्रोग्राम कधीही थेट चालवू देत नाही. तो आधी जॉबशिवाय ड्राय रन घेतो, मग सिंगल ब्लॉकवर एकेक ओळ, रॅपिडचा, म्हणजे न कापता झटकन सरकण्याचा, वेग पंचवीस टक्क्यांवर, आणि एक हात टूल थांबवणाऱ्या फीड-होल्डच्या बटणावर. ही सवय चाकणच्या कारखान्यात पंधरा दिवस ऑपरेटरशेजारी उभं राहून लागते. सुट्टीत दोन आठवडे कारखान्यात जाणं हे निदेशकाच्या नोकरीचाच भाग धरलं गेलं पाहिजे, आणि तिथे त्याने बघ्यासारखं फिरू नये. एक मशीन, एक पाळी, एक जॉब घ्यावा आणि त्या जॉबचं ड्रॉइंग, मालकाची परवानगी घेऊन, वर्गात आणावं.

हे सक्तीने करवून घेता येतं का? इंग्लंडमध्ये हा प्रयोग झालेला आहे. तिथे शाळेनंतरच्या आणि विद्यापीठाबाहेरच्या शिक्षणाचं मोठं क्षेत्र आहे, त्याला फर्दर एज्युकेशन म्हणतात. आपल्या आयटीआयचं काम बरंचसं त्यात येतं. २००७ मध्ये तिथे नियम आला, की अशा शिक्षकांनी इन्स्टिट्यूट फॉर लर्निंग या संस्थेकडे नोंदणी करायची आणि पूर्णवेळ शिक्षकाने वर्षाला किमान ३० तास स्वतःच्या शिकण्याला द्यायचे. त्यामागची कल्पना मला पूर्ण पटते: या शिक्षकाला आपला मूळ व्यवसाय आणि अध्यापन, दोन्हींत ताजं राहावं लागतं. पुढे सदस्यत्वाच्या फीवरून वाद पेटला. २०१२ मध्ये लॉर्ड लिंगफिल्ड यांच्या समितीने सक्ती काढावी असं सांगितलं आणि त्याच वर्षी ती निघाली. २०१४ मध्ये नोंदणीची ती संस्थाही बंद झाली, आणि एज्युकेशन अँड ट्रेनिंग फाउंडेशनने ऐच्छिक स्वरूपाची व्यावसायिक मानकं आणली. मला यात दोन गोष्टी दिसतात. ज्या नोंदणीचा खर्च शिक्षकाच्या खिशातून जातो आणि जिचा उपयोग त्याला वर्कशॉपमध्ये दिसत नाही, ती त्याला आपली वाटत नाही. आणि तास मोजले की प्रमाणपत्रं गोळा होतात, कसब वाढेलच असं नाही. तरीही तो ३० तासांचा आकडा मला पूर्ण टाकून द्यावासा वाटत नाही. आकडा असला की निदेशक प्राचार्यांपुढे रजेसाठी उभा राहू शकतो, आकडा नसला की "तुकडी कोण सांभाळणार?" या प्रश्नावर विषय संपतो.

आणि तुकडी सांभाळणाऱ्यांत कितीतरी जण तासिका तत्त्वावर आहेत. घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. आदल्या संध्याकाळी ड्रिलला धार लावल्याचे, वीस जॉब मोजल्याचे, मागणीपत्र भरल्याचे मिळत नाहीत. अशा निदेशकाकडून पूर्वतयारीची अपेक्षा ठेवायची आणि पूर्वतयारीचा तास कागदावर ठेवायचाच नाही, हा अन्याय आहे, आणि तो पोरांपर्यंत पोहोचतो. प्रत्येक नव्या प्रात्यक्षिकामागे तयारीचा एक तास आणि जॉब तपासायला आठवड्याला दोन तास मोजले, तर खर्च वाढेल हे खरं. पण तुटणारे टॅप, वाया जाणारं साहित्य आणि सत्राच्या मध्येच दुसरीकडे नोकरी मिळाली म्हणून निघून जाणारे निदेशक, हाही खर्चच आहे. तो फक्त वेगळ्या रकान्यात पडतो.

शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या पद्धतीतली एक गोष्ट आयटीआयच्या निदेशकांनी उचलण्यासारखी आहे. तिथली मुलं शिकता शिकता गावाच्या उपयोगाची खरी कामं करतात. फाटक बसलं नाही तर ज्याचं फाटक आहे तो माणूस येऊन सांगतो. मोजणारा शिक्षक एकटा राहत नाही. आयटीआयच्या वेल्डिंग सेक्शनला संस्थेचीच बाकं, खिडक्यांच्या जाळ्या, रॅक दुरुस्तीला घेता येतात. तीन-पंधराच्या, म्हणजे ३.१५ मिलिमीटर जाडीच्या, रॉडला करंट कमी ठेवला की रॉड चिकटतो, जास्त झाला की कडेला धातू खाल्ला जाऊन खाच पडते, आणि आर्क रॉडच्या जाडीपेक्षा लांब गेली की थेंब उडतात. हे सरावाच्या तुकड्यावरही दिसतंच. पण ज्या बाकावर आपलाच मित्र बसणार आहे, त्याचा जोड पोरगा उकरून दोनदा बघतो.

शेवटची एक सवय, जी फारच थोड्या निदेशकांकडे आहे. तुकडी बाहेर पडल्यावर तीन महिन्यांनी, शिकाऊ उमेदवार म्हणून लागलेल्या सात-आठ पोरांना फोन करायचा. "कसं चाललंय?" विचारलं तर "चांगलं सर" मिळतं. त्याऐवजी विचारायचं: तिथे असं कोणतं हत्यार हातात दिलं जे तुला वापरता आलं नाही? कोणतं माप घेता आलं नाही? सुपरवायझर कशावर ओरडला? विद्यावेतन वेळेवर मिळतंय का? उत्तरं एका वहीत, तारखेसह. तीन पोरांनी बोअर गेज (भोकाचा आतला व्यास मोजायचं साधन) किंवा टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोराने आवळायचा पाना) सांगितला, तर येत्या ऑगस्टच्या तुकडीच्या डेमो प्लॅनमध्ये तो घालायचा, आणि संस्थेत तो नसेल तर वहीतली ती तीन नावं आणि कारखान्यांची नावं मागणीपत्राला जोडायची. अशी मागणी गटनिदेशकाला नाकारणं जड जातं. फोन केलेल्या पोरांपैकी एखादा पुढच्या वर्षी शनिवारी तासभर येऊन नव्या पोरांसमोर तो बोअर गेज लावून दाखवतो. निदेशकाने त्या वेळी मागे उभं राहून बघावं, कारण त्यातलं काहीतरी त्यालाही नवीन असतं.